जागेएवढी चोच

आमच्या तारमास्तरांनी उभ्या जन्मात एक वाक्य धड पुरं केलं नाही असं मी म्हटलं, तर तुम्ही म्हणाल, झाली याची थापा मारायला सुरुवात. पण रत्नागिरीच्या तार ऑफिसात मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर चार वर्षं काढली, आणि बिऱ्हाडही त्यांच्याच घराच्या मागच्या खोलीत होतं. म्हणजे ऑफिसात तेच आणि घरी तेच. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या तारा पाठवून त्यांना शब्द मोजायची खोडच लागली होती. क्रियापद म्हणजे त्यांना शुद्ध उधळपट्टी वाटे. "जेवण?" म्हणजे तू जेवलास का. "पाऊस. छत्री." म्हणजे बाहेर पाऊस लागलाय, छत्री घेऊन जा. एकदा ऑफिसात माझ्या पायाजवळून विषारी फुरसं सरपटत गेलं, तेव्हासुद्धा ते "पाय" एवढंच म्हणाले. मी आपला त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. नशीब माझं, फुरसं घाईत होतं.

माणसांना ते नावाने हाक मारत नसत, ठाण्याने मारत. मी देवरूखकडचा, म्हणून मी 'देवरूख'. आमचा तारा वाटणारा शिपाई दाभोळचा, म्हणून तो 'दाभोळ'. त्यांची एकुलती एक लेक सुमती लग्न होऊन गिरगावात गेली, त्या दिवसापासून ती 'मुंबई' झाली. आणि बायको 'हेड ऑफिस'. "हेड ऑफिस नाराज," असं ते हळूच म्हणाले की मी समजायचं, आज जेवताना मुकाट्याने पानात पडेल ते गिळायचं.

या हेड ऑफिसला मी काकू म्हणत असे. नवऱ्याने वाचवलेले सगळे शब्द काकू वापरून टाकत. स्वयंपाकघरात बोलत, विहिरीवर बोलत, आणि ताक करायला बसल्या की रवीच्या तालावर एक गौळण म्हणत. काकूंचा गळा गोड होता. मी कितीदा तरी ती गौळण ऐकत मागच्या खोलीत नुसता लोळलोय आणि ऑफिसला उशिरा पोचलोय. मास्तर घड्याळाकडे बघून म्हणत, "गौळण?" मी म्हणे, "हो." विषय संपला.

आता एवढा मुखदुर्बळ माणूस एका गोष्टीवर मात्र तासन्‌तास बोले, तेही पुऱ्या वाक्यांत. ती गोष्ट म्हणजे डाख द्यायच्या लोखंडाचं टोक. हसू नका. त्यांना बिनतारी संच, म्हणजे रेडिओ, बनवायचा नाद होता. तारेला तार जोडायची तर कथील आणि शिसं एकत्र वितळवून डाख द्यावा लागतो, आणि त्यासाठी लोखंडी दांड्याच्या टोकाला तांब्याचा तुकडा बसवलेलं एक हत्यार लागतं. आमच्या आळीत तेव्हा वीज कसली यायला! तो तांब्याचा तुकडा शेगडीत तापवायचा, राळेत बुडवायचा, डाखाची कांडी लावायची आणि जोडावर टेकवायचा. त्या तुकड्याला मास्तर 'चोच' म्हणत. ओटीच्या भिंतीवर एक फळी होती आणि तिच्या खुंट्यांवर अशा पाच चोची टांगलेल्या असत. प्रत्येकीला आपला दांडा, आपली मूठ आणि आपलं नाव.

सगळ्यात बारीक ती चिमणी. खंड्या लांब आणि निमुळता. दाभोळच्या खाडीत मोडून पडलेल्या गलबताचा तांब्याचा खिळा ठोकून तो केलेला, म्हणून पाण्यावरचं नाव. पोपट पुढून वाकडा, अडचणीच्या जागी शिरायला. कावळा चपटा, रोजच्या कामाचा. आणि शेवटी एका वेगळ्या जाड खुंटीवर धनेश. आमच्याकडच्या रानात धनेश ज्याने पाहिलाय त्याला हे नाव का ते सांगायला नको. त्या पक्ष्याची चोच बघून वाटतं, आधी चोच झाली असावी आणि मग उरल्या वेळात पक्षी. हाही तसाच होता. चांगला मूठभर तांब्याचा ठोकळा.

धनेशाची कथा काकूंच्या तोंडून ऐकण्यात मजा होती. त्यांच्या माहेरहून आलेली तांब्याची घागर बुडाशी गळायला लागली. काकू म्हणाल्या, तुम्ही जगाला डाख देता, माझ्या घागरीला द्या. मास्तरांनी घागर उचलली, टिचकी मारून कानाशी धरली आणि म्हणाले, "तांबं उत्तम." काकूंना वाटलं, माहेरचं कौतुक झालं. चार दिवसांनी त्यांनी विचारलं, घागर कुठाय? मास्तरांनी खुंटीवरून हा ठोकळा काढून पुढे धरला. तांबटाकडून वितळवून आणला होता. "आणि गळती?" काकूंनी विचारलं. मास्तर म्हणाले, "बंद."

काकू आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. म्हणजे त्या घरात आठ दिवस कोणीच बोललं नाही. पुढे राग गेला, पण धनेशाला त्यांनी कधी धनेश म्हटलं नाही. त्यांच्या लेखी ती घागरच. ओटी झाडताना बाकीच्या चोचींना हात लावायच्या नाहीत, पण घागर उतरवून चिंच लावून लखलखीत घासून ठेवायच्या. चोचीच्या टोकावर कथलाचा पातळ थर राखावा लागतो, नाही तर तिला डाख धरत नाही. काकू तो दर शुक्रवारी खरवडून काढत आणि मास्तर दर शनिवारी पुन्हा चढवत. "अहो, काळी पडते हो ती," काकू म्हणत. मास्तर माझ्याकडे बघत आणि सुस्कारा सोडत.

कोळसासुद्धा त्यांना साधा चालत नसे. करवंटीचाच हवा. त्याला धूर नाही, राख कमी, आणि आच स्वच्छ. घरात खोबरं खवलं की करवंट्या परसात एका खड्ड्यात जाळून त्यांचा कोळसा होई. चोच शेगडीत ठेवून ते निखाऱ्याकडे टक लावून बसत. जाळाला हिरवी कड दिसली की चोच तयार. मग राळ, मग डाख, मग जोड, सगळं एका दमात. त्या वेळी त्यांचं एकच पालुपद असे, "थांबू नकोस. चोच गार होते." मी नवशिका, जोडावर चोच टेकवून विचार करत बसलो की ते मागून म्हणत, "थांबू नकोस. चोच गार होते." चहाचा पेला हातात धरून मी गप्पा मारत बसलो तरी तेच. लग्नाचं स्थळ आलेलं, मी हो म्हणू की नको असं करतोय, तेव्हाही तेच.

माणसाची पारख करायची त्यांची रीतही याच फळीशी होती. कोणी नवा माणूस घरी आला की त्याच्यापुढे एक बोटभर लांबीची तार आणि एक पितळेचा पत्रा ठेवायचे आणि फळीकडे बोट दाखवायचे. "कोणती?"

मी बिऱ्हाडाला आलो त्या संध्याकाळी माझीही परीक्षा झाली. मी मोठ्या ऐटीत चिमणी उचलली. नाजूक काम, नाजूक हत्यार, माझ्या डोक्यात साधा हिशेब. मास्तरांचा चेहरा पडला. मग त्यांनी मला बसवलं आणि मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा पुरी वाक्यं ऐकली.

"बारीक चोच म्हणजे काम नाजूक, ही समजूत चूक आहे. पत्रा मोठा, तो सगळी ऊब पिऊन टाकतो. चिमणी त्याला तापवत नाही, तोच चिमणीला गार करतो. मग तू टेकवून बसतोस. आणखी बसतोस. डाख वर साखरेसारखा बसून राहतो, आत मुरत नाही. वरून चकचकीत दिसतो आणि आतून सुटा असतो. उलट बारीक तारेला धनेश लावलास तर तार जळेल. जागा बघ. जागेएवढी चोच. ती एकदा टेकते, काम करते आणि उठते." एवढं बोलून ते दमले. दुसरा दिवसभर मग ऑफिसात एक शब्द नाही.

सुमतीला बघायला मुलगा आला, तेव्हा मास्तरांनी त्यालाही सोडलं नाही. हे मला काकूंनी सांगितलं. पोह्यांच्या बशा पुढे, मुलाचे काका ऐसपैस बसलेले, आणि मास्तरांनी मध्येच तार आणि पत्रा आणून ठेवला. "कोणती?" काकांना काही उमजेना. मुलगा फळीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मला यातलं ओ की ठो कळत नाही. कोणती घ्यायची ते तुम्ही सांगा, मी शेगडी फुंकतो." मास्तर म्हणाले, "पसंत." काकू कपाळावर हात मारून सांगत, "अरे, बघायला आले होते ते, आणि पसंती यांचीच आधी." पण पारख चुकली नाही हेही त्याच कबूल करत. याच जावयाने पुढे सुमतीला मुंबईत गाणं शिकायला घातलं.

ते सोपं नव्हतं. सुमतीचा गळा आईचा. लहानपणी ती पेटीवर गायला बसली की आळीतल्या बायका काकूंना ऐकवत, मुलीचा गळा चुलीपाशीच बरा. काकू समोर हसून साजरं करत आणि घरी येऊन सुमतीला म्हणत, "म्हण गो तू. मी ऐकत्ये." असं सगळं बोलणं काकूंनी वर्षानुवर्षं एकट्याने गिळलं होतं.

आता संचाबद्दल सांगतो. मी तिथे गेलो तेव्हा मास्तरांचा तीन व्हॉल्व्हचा संच 'होत आला' होता. चार वर्षं तो होतच आला होता. कारण उघड होतं. एक जोड द्यायचा, रात्रभर तो मनात घोळवायचा, सकाळी म्हणायचं, "पोपट नको होता. खंड्या," आणि जोड उकलायचा. गावातल्या एका वकिलांनी मुंबईहून विजेवर तापणारं डाखाचं लोखंड आणलं आणि मुद्दाम दाखवायला घेऊन आले. काय त्याची मूठ, काय ती झिलई! मास्तरांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, त्याची वायर हातात धरून भिंतीकडे बघितलं, मग छपराकडे बघितलं, आणि परत देत म्हणाले, "उत्तम. गाव चुकलं." वकील नंतर तयार रेडिओच विकत घेऊन बसले.

अशात श्रावणाच्या तोंडाला एक दिवस अकराच्या सुमारास मुंबईची तार आली. मी शेजारीच होतो. यंत्र कडकडत होतं आणि मास्तर कानाने ऐकून कागदावर उतरवत होते. उतरवता उतरवता त्यांचा हात एकदा थांबला. एकदाच. मग त्यांनी तार पुरी केली, घडी घातली, पाकिटात घातली आणि दाभोळच्या पिशवीत टाकली.

दुपारी आम्ही दोघं जेवायला घरी आलो. मास्तर आमटीभात कालवत होते, काकू बोलत होत्या, मास्तर अधूनमधून अंगणाच्या बेड्याकडे, म्हणजे फाटकाकडे, बघत होते. ताक वाढून झालं तेव्हा दाभोळ आला, "काकू, तुमची तार." काकूंच्या हातातली पळी खाली पडली. तार म्हटली की तेव्हा वाईट बातमीच. त्यांनी ती माझ्याकडे दिली, मी वाचली. "गुरुवार सायंकाळी सात मुंबई केंद्रावर गाते आई ऐक सुमती."

काकू खालीच बसल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "अहो, ही तुमच्याच हातून आली ना? मग मघापासून गप्प काय बसलात? दोन घास आधी सांगितलं असतं तर?"

"दुसऱ्याची तार," मास्तर म्हणाले. "नियम." आणि ताक प्यायले.

मुंबईला जाणं शक्य नव्हतं. आगबोटी पावसाळ्यात बंद, घाटाने जायचं तर काकूंचे गुडघे तयार नाहीत. वकिलांकडे रेडिओ होता, त्यांनी आपण होऊन बोलावलंही. काकू नाही म्हणाल्या. दुपारी मला हळूच म्हणाल्या, "चार लोकांत बसून मी रडले तर, रे? नाहीच. आणि एकदाच गाणार. गेलं की गेलं." हे ऐकत जवळच उभे असलेले मास्तर आत गेले आणि संच उचलून ओटीवर घेऊन आले. "आठ दिवस," ते म्हणाले. चार वर्षं जे झालं नव्हतं ते.

ते आठ दिवस आठवले की अजून मला मजा वाटते. ओटीवर पाय ठेवायला जागा नाही. करवंट्या संपल्या म्हणून काकूंनी शेजारून मागून आणल्या. माडपाड्या पावसात दोन माडांवर चढला आणि शेंड्याशेंड्यांत लांब तार बांधून आला. मास्तर एकही जोड उकलत नव्हते, एकदा दिला की पुढे. "थांबू नकोस," ते स्वतःलाच म्हणत. कर्णा घ्यायची ऐपत नव्हती, कानाला लावायचे दोन ठोकळे होते. ते खोल पितळी पातेल्यात ठेवले की आवाज घुमून खोलीभर येतो, हे त्यांना ठाऊक होतं. काकूंनी आपलं सगळ्यात मोठं पातेलं काढून दिलं. "न्या. घागर गेली, पातेलं गेलं, एक दिवस मलाही वितळवा."

बुधवारी संध्याकाळी एकच जोड उरला. ब्याटरीकडून येणारी जाड तार संचाखालच्या पितळी पत्र्याला जोडायची होती. मास्तरांची आठपर्यंत ड्यूटी. जाताना मला म्हणाले, "धनेश. हिरवी कड. मगच."

आता माझं पाप सांगतो. शेगडी विझत आली होती. धनेश तापायचा तर नवा कोळसा घालून पाव तास फुंकत बसायला हवं. आणि आत काकूंनी घावनं टाकायला घेतली होती. तव्यावरून निघणारं घावन आणि नारळाचा रस, आणि काकू हाक मारतायत, "देवरुखकर, गार होतंय रे." चिमणी निखाऱ्यात आयती तापलेली होती. मी म्हटलं, त्या व्हॉल्व्हांच्या इतक्या जवळ हा एवढा मोठा राक्षस कशाला न्यायचा? नाजूकपणे देऊ. मी चिमणी टेकवली, बसलो, आणखी बसलो. शेवटी डाखाचा एक थेंब पत्र्यावर बसला. काय चकचकीत दिसत होता! मी उठून सात घावनं खाल्ली.

मास्तर आले. "झालं?"

"झालं."

"धनेश?"

"हो," मी म्हणालो.

गुरुवारी पावणेसातला आम्ही तिघं माजघरात बसलो. काकू चांगलं लुगडं नेसल्या होत्या, जणू सुमती येऊन बघणार होती. एका कोपऱ्यात शेगडी धगधगत होती आणि तीत धनेश. संच बोलेपर्यंत शेगडी विझवायची नाही, हा मास्तरांचा दंडक. मी एरवी त्यावरून त्यांची चेष्टा करत असे. व्हॉल्व्ह लालसर उजळले. पातेल्यात आधी नुसती खरखर, मग शिट्टी, मग लांबून कोणीतरी शुद्ध मराठीत बोललं आणि सुमतीचं सासरचं नाव घेतलं. पेटीचा सूर आला. आणि सुमती गायला लागली.

भजन होतं. दोन ओळी झाल्या. काकूंनी तोंडाला पदर लावला होता, दुसऱ्या हाताने त्यांनी पातेलं थोडं आपल्याकडे ओढलं. पातेल्याबरोबर तारा ओढल्या गेल्या, संच बोटभर सरकला. सगळं बंद. खरखरसुद्धा नाही. व्हॉल्व्ह काळे.

"मी ओढलं," काकू म्हणाल्या. "माझ्यामुळे गेलं. अहो, मी ओढलं."

मला तेव्हाच कळलं. मला सांगायला हवं होतं आणि मी पातेल्यात बघत बसलो. मास्तर वाकले, संचाखाली बोट घातलं, आणि माझी ती जाड तार अलगद त्यांच्या हातात आली. टोकाला डाखाचा चकचकीत मणी तसाच होता. त्यांनी मणी पाहिला. माझ्याकडे पाहिलं नाही. काकूंना म्हणाले, "तू नव्हे."

पण त्यानंतर ते काही करीनात. पंचवीस वर्षांत ज्यांचा हात चुकला नाही ते मास्तर तार हातात धरून उभे होते. तिकडे लेक गात होती, इकडे एक सूर नव्हता. त्यांनी दुसऱ्या हाताने फळीवरून आणलेली चिमणी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. मी असं त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"अहो," काकू म्हणाल्या, "चिमणी काय घेऊन बसलात? माझी घागर घ्या ना. केव्हाची तापल्ये."

मास्तरांनी शेगडीकडे पाहिलं. जाळाला हिरवी कड होती. मग मात्र ते थांबले नाहीत. ब्याटरीकडचं टोक सोडलं, धनेश उचलला, राळ, डाख, पत्रा. चुर्र झालं. डाख पाण्यासारखा पसरला आणि तार त्यात बुडाली. मनात पाच मोजेपर्यंत धनेश परत शेगडीत. टोक जोडलं. व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले.

भजन संपून गेलं होतं. दुसरं गाणं चालू होतं, त्याचंही पहिलं कडवं गेलेलं. आणि पातेल्यातून जे आलं ते ऐकून मी चमकलो. ती ताक करतानाची गौळण होती. काकूंचीच. तीच वळणं, तीच जागा जिथे काकू रवी क्षणभर थांबवत. सुमतीही तिथे थांबली.

काकू रडल्या नाहीत. मान तिरपी करून, एखादं लुगडं पारखावं तशा त्या ऐकत राहिल्या. गाणं संपलं, पेटी थांबली, तेव्हा म्हणाल्या, "सर्दी झाल्ये तिला. थंड पाणी प्याली असणार. सांगितलं होतं, गाण्याआधी थंड पिऊ नकोस." आणि मग रडल्या, मनसोक्त, आणि हसल्याही. मी कसंबसं म्हटलं, "काकू, बरंच राहून गेलं."

"काय राहिलं रे? एक कडवं ना? ते मला पाठ आहे." आणि मांडी घालून त्यांनी राहिलेलं कडवं म्हटलं. मग ते भजनही म्हटलं, तेही त्यांनीच शिकवलेलं निघालं. मास्तर पातेल्याच्या कडेवर बोटांनी ठेका धरून बसले होते. तो ठेका नव्हताच म्हणा, तारेची कडकट्ट होती, पण तालात होती. मला त्या घरात इतका आनंद आणि इतकी शरम एकाच वेळी कधी वाटली नाही.

रात्रभर मी शब्द जुळवले. सकाळी ऑफिसात पोचताच त्यांच्या टेबलापुढे उभा राहिलो आणि म्हणालो, "मास्तर, बुधवारचा तो जोड..."

त्यांनी बोट वर केलं. "ड्यूटी." आणि माझ्यापुढे तारेचा फॉर्म सरकवला. एक नव्हे, दोन, टाचणीने जोडलेले. मुंबईसाठी, सुमतीच्या नावाने. आपली तार आपणच पाठवायची नाही, हाही त्यांचा एक नियम होता.

मी यंत्रापाशी बसून पाठवायला लागलो. मराठी तार, रोमन अक्षरांत, आणि मास्तरांचंच अक्षर, पण माझा विश्वास बसेना. "चिरंजीव सुमती हिस. तुझं गाणं आम्ही ऐकलं. भजन ऐकलं आणि गौळणही ऐकली. तुझी आई चांगलं लुगडं नेसून बसली होती. ती हसली आणि रडली. तू गाण्याआधी थंड पाणी पिऊ नकोस असं तिने सांगितलं आहे. मला फार आनंद झाला आहे." सगळी क्रियापदं जागच्या जागी होती. एक शब्द वाचवलेला नव्हता.

दुसऱ्या फॉर्मवर शेवटच्या दोन ओळी होत्या. "संच मी आणि देवरूख यांनी मिळून केला. एक अक्षरही सुटलं नाही."

कळेवरचा माझा हात थांबला. समोरची अक्षरं पुसट दिसायला लागली. ऑफिसात बाकी कोणी नव्हतं. दाभोळ बाहेर पायरीवर पिशवी लावत होता.

शेजारच्या टेबलावरून, मान वर न करता, मास्तर म्हणाले, "थांबू नकोस. चोच गार होते."

मी कळ दाबली.